पुरेशी माहिती म्हणजे किती?

ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याच हाताखाली मी गणित शिकवू लागलो. त्यांच्याविषयी बोलावयाचे तर एका उत्तरपत्रिकेपासून आरंभ करणे मला भाग आहे, आणि आजचा विषयही तेथूनच निघतो.

आपल्या बेळगावात कोणाकडे मराठी वृत्तपत्र येते, कोणाकडे कानडी, कोणाकडे दोन्ही. त्यावरून नववीच्या चाचणीत मी एक प्रश्न घातला होता : एका गल्लीत ६० घरे आहेत. ३८ घरी मराठी वृत्तपत्र येते, ३१ घरी कानडी. दोन्ही वृत्तपत्रे किती घरी येतात? उत्तर माझ्या मनात पक्के होते. ३८ आणि ३१ मिळून ६९. त्यातून ६० गेले, उरले ९. एका मुलाने मात्र लिहिले, ‘दिलेली माहिती अपुरी आहे.’ मी त्याला शून्य गुण दिले, आणि पत्रिका वाटताना त्याचे ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचूनही दाखविले. मुले हसली.

तो मुलगा पत्रिका घेऊन गुरुजींकडे गेला असावा. मधल्या सुट्टीत गुरुजींनी मला बाजूला घेऊन एवढेच विचारले, “ज्यांच्याकडे एकही पत्र येत नाही, ती घरे तुम्ही कुठे ठेवलीत?”

अशी घरे ‘न’ मानली, तर दोन्ही पत्रे येणाऱ्या घरांची संख्या ९ + न होते. न शून्य असेल तर ९. परंतु कानडी पत्राची सर्व ३१ घरे मराठीच्या ३८ घरांतच सामावली, तर न २२ होतो आणि दोन्ही पत्रांची घरे ३१. म्हणजे ९ हे केवळ लहानात लहान उत्तर होते. प्रत्येक घरी निदान एक पत्र येतेच, ही अट मी प्रश्नात लिहिली नव्हती. मनात मात्र धरली होती.

पुढे बँकांच्या आणि व्यवस्थापनशास्त्राच्या प्रवेशपरीक्षांत ‘माहितीची पर्याप्तता’ या नावाने असेच प्रश्न भेटू लागले. त्यांत एक प्रश्न व दोन विधाने असतात. पहिले विधान एकटे पुरते का, दुसरे एकटे पुरते का, की दोन्ही मिळून पुरतात, की मिळूनही नाही, एवढेच ठरवायचे असते. माझा प्रश्न त्या साच्यात असा बसतो. गल्लीत ६० घरे. दोन्ही पत्रे किती घरी? विधान १ : मराठी ३८ घरी, कानडी ३१ घरी. विधान २ : प्रत्येक घरी निदान एक पत्र येते. पहिले एकटे अपुरे, दुसरे एकटे तर फारच अपुरे. दोन्ही मिळून उत्तर ९. पहिले विधान तपासताना दुसरे विसरून जाणे, यातच विद्यार्थी अडखळतात. एकदा वाचलेले डोक्यातून जात नाही.

आता विधाने तीच ठेवून प्रश्न बदलू : केवळ मराठी पत्र घेणारी घरे अधिक, की केवळ कानडी घेणारी? येथे पहिले विधान एकटेच पुरते. दोन्ही पत्रांची घरे कितीही असोत, ती ३८ मधून आणि ३१ मधून सारखीच वजा होणार. अंतर ७ चे ७ च राहणार. ज्या विधानाला आपण घटकेपूर्वी अपुरे म्हटले, तेच येथे पुरून उरले. म्हणून विद्यार्थ्यांना मी सांगतो, विधानांकडे वळण्यापूर्वी प्रश्न नेमके काय मागतो ते कागदावर लिहा.

वर्तुळांपेक्षा मला चार घरांचा तक्ता अधिक सोयीचा वाटतो : दोन्ही, केवळ मराठी, केवळ कानडी, एकही नाही. एकूण संख्या ठाऊक असली, तर चारही घरे भरण्यास आणखी तीन स्वतंत्र गोष्टी कळाव्या लागतात. ‘स्वतंत्र’ हा शब्द महत्त्वाचा. ३८ घरी मराठी पत्र येते आणि २२ घरी येत नाही, ही वाक्ये दोन असली तरी माहिती एकच आहे. एखादेच घर, किंवा दोन घरांतील अंतर हवे असेल, तर याहून कमी माहितीतही भागते.

जॉन वेन यांनी १८८० मध्ये आपल्या आकृत्या प्रसिद्ध केल्या, तेव्हा वर्तुळांबाहेरच्या जागेला त्यांनी चौकट घातली नव्हती. ‘ॲलिस’चे लेखक लुईस कॅरल हे गणिताचे अध्यापक. त्यांनी १८९६ च्या आपल्या तर्कशास्त्रावरील पुस्तकात चौरस आखून बाहेरच्यांनाही आत जागा दिली. चौथे घर विसरण्याची खोड माझ्या एकट्याची नसावी, असा दिलासा मी यातून घेत आलो आहे.

त्या मुलाचे गुण मी त्याच दिवशी नोंदवहीत दुरुस्त केले. वर्गात मात्र काही बोललो नाही. आठवड्याने गुरुजींनी विचारले, “सांगितलेत का?” मी म्हणालो, “सांगतो.” ते सांगणे राहून गेले. ही पुस्तिका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांकडे जाते, म्हणून येथे लिहितो : त्याचे उत्तर बरोबर होते, आणि माझा प्रश्न चुकीचा होता.