जुनी ग्रँड टूरर : सौद्यापलीकडील किंमत

दूरचा प्रवास वेगाने आणि सुखाने व्हावा, यासाठी घडविलेली शक्तिशाली मोटार म्हणजे ग्रँड टूरर. २००३ साली अवतरलेली बेंटलीची कॉन्टिनेन्टल जीटी हे तिचे ठळक उदाहरण. कालांतराने अशी गाडी मूळ किमतीच्या काही अंशातच मिळू लागते आणि बंगळूरुतील हौशी ग्राहकाला मोह पडतो. तो स्वाभाविकच, एवढे देखणे यंत्र एवढ्या दरात अन्यथा कुठे लाभणार? परंतु घसरते ती गाडीची किंमत, सुट्या भागांची नव्हे. या बेंटलीचे बारा सिलिंडरांचे इंजिन इतके दाटीने बसविलेले असते की अनेक दुरुस्त्यांसाठी ते संपूर्ण उतरवावे लागते.

करही सौद्याच्या रकमेवर ठरत नाही. परराज्यातील गाडी कर्नाटकात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास आजीव कर भरावा लागतो. गाडीच्या वयानुसार तो घटतो खरा, पण त्याचा आधार मूळ किंमतच. फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळूरुत करचुकवेगिरीबद्दल ३० आलिशान गाड्या जप्त झाल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्रात नोंदलेल्या एका फेरारीच्या मालकास सुमारे १ कोटी ४१ लाख रुपये भरावे लागले. म्हणून इसारा देण्यापूर्वी नोंदणीपुस्तक पाहावे. त्यावर कर्जाचा बोजा असल्यास संबंधित बँकेचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि नमुना ३५ विक्रेत्याकडून आधी मागून घ्यावा.