गवत एक, इशारे दोन

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात वसंत ऋतू नोव्हेंबरअखेर संपतो. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी मेलबर्नवर वादळ आले. राय गवताचे परागकण ओलाव्याने फुटले व त्यांचे सूक्ष्म कण थेट फुप्फुसांत शिरले. हजारोंचा श्वास कोंडला; १० जण दगावले. अनेक बाधितांना पूर्वी दम्याचे निदानही झालेले नव्हते. म्हणूनच २०१७ पासून तेथे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात अशा दम्याच्या धोक्याचा विभागवार अंदाज प्रसिद्ध होतो. उन्हाळ्यात हेच गवत वाळून वणव्याचे इंधन ठरते. तो धोका २०२२ पासून चार श्रेणींत जाहीर होतो. पहिल्या इशाऱ्यात औषध जवळ बाळगून घरात थांबावे, दुसऱ्यात प्रसंगी वेळीच घर सोडावे. इशारा यंत्रणा देते. सावध मात्र ज्याचे त्यानेच व्हावयाचे असते.