वेगवान की विश्वासू?

भालकी-आळंदकडील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; तिजवरील रस्ते त्यामुळे लवकर खचतात. मोटार निवडताना प्रथम हेच ध्यानी घ्यावे, असे आम्हांस वाटते. २०२० पर्यंत बिडदीस बनलेली टोयोटा कोरोला ऐसपैस व सोशिक. २०१७ ची स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस ठेंगणी, पण २३० अश्वशक्तीची! जुन्या बाजारात तिचाच मोह पडतो. परंतु तिच्या टर्बोचे चक्र मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेते, तेही तेलाच्या पातळ थरावर. पूर्वीच्या मालकाने तेल वेळेवर बदलले नसेल, तर झीज बाहेरून दिसत नाही. मध्यरात्री रुग्णास हैदराबादेस नेताना ती उघडकीस आली तर? आम्ही कोरोलाच निवडू. तरीही आरएस हवीच असल्यास पहाटे थंड इंजिन सुरू करून पाहावे. निळसर धूर निघाल्यास सौदा सोडावा.