दाराशी खोळंबा

जळगावाहून एरंडोल, पारोळे ओलांडीत धुळे गाठायचे म्हणजे नव्वदेक किलोमीटरचा एस. टी. प्रवास. तो वाचावा म्हणून धुळ्याच्या एका पेढीतला जुना युनिक्स संगणक मी घरबसल्याच सांभाळतो. युनिक्स ही प्रणाली १९६९ साली अमेरिकेत, बेल लॅबोरेटरीजमध्ये जन्मली. दुरून तिचे दार सुरक्षितपणे उघडणारी ‘एसएसएच’ ही किल्ली १९९५ साली फिनलंडमध्ये घडली.

एके दिवशी हे दार लवकर उघडेना. परवलीचा शब्द विचारण्याआधीच वीस सेकंद खोळंबा! मालक नवा संगणक घ्यायला निघाले. मी तिथल्या तरुण मदतनिसावर चिडलो, “तूच काहीतरी बिघडवलेस!” तो बिचारा गप्प राहिला.

रात्री शांतपणे पाहिले. दुरून साधी हाक दिली, तर ओ क्षणात आली. संगणकावर कामाचा बोजाही नव्हता. आत शिरल्यावर तर सारे चपळ! म्हणजे, वाचकहो, तो मंद नव्हताच. कुणाची तरी वाट पाहत होता.

आलेल्याच्या क्रमांकावरून त्याचे नाव शोधायचे, ही त्याची रीत. पण नावे सांगणाऱ्या ज्या दोन संगणकांचे पत्ते त्याच्यापाशी होते, ते दोन्ही कधीच बंद पडलेले. प्रत्येकाला दोनदा विचारणा, दर खेपेस पाच सेकंद! आणि ते पत्ते पूर्वी मीच लिहिलेले.

पत्ते बदलले, दार चटकन उघडले. दुसऱ्या दिवशी मात्र मी एस. टी.नेच धुळ्याला गेलो. त्या मुलाची क्षमा दुरून कशी मागणार?