एक वर्तुळ, दोन वह्या

एक वर्तुळ, त्याचे पाच-सहा भाग, प्रत्येक भागात एक आकडा आणि सोबत एक छोटीशी सूचना : या आकृतीतील माहितीचा सारांश इंग्रजीत किमान १५० शब्दांत लिहा. वेळ साधारण २० मिनिटे. परदेशी विद्यापीठात शिकू इच्छिणाऱ्यांना जी 'आयईएलटीएस' नावाची इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, तिच्या लेखनाच्या भागात हा प्रश्न अनेकदा येतो. प्रश्न दिसावयास अगदी साधा. आकडे समोरच छापलेले; पाठांतर नको, संदर्भग्रंथ नको. तरीही पदवीपर्यंत प्रथम श्रेणी न सोडणारे विद्यार्थी नेमके येथेच अडखळतात आणि इंग्रजी कच्चे म्हणून स्वतःला दोष देत परत फिरतात. हा दोष खरोखर इंग्रजीचाच असतो काय, याचा विचार शिक्षकांनी तरी करावयास हवा.

बुलढाणा जिल्ह्याला हा विषय एके काळी परका वाटला असता. आज तसे म्हणता येणार नाही. लोणार तालुक्यातील पिंप्री खंदारे या लहानशा गावचे राजू केंद्रे २०२१ साली चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकावयास गेले. त्यांनी उभारलेली 'एकलव्य' ही संस्था आता पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणाची वाट दाखविते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. मेहकरच्या वा मोताळ्याच्या मुलामुलींना परदेशी विद्यापीठाची पायरी आता स्वप्नातली राहिलेली नाही. मात्र त्या पायरीच्या अलीकडे हे वर्तुळ उभे असते.

परीक्षा आणि तिची अट

ही परीक्षा १९८९ साली सुरू झाली. ब्रिटिश कौन्सिल, केम्ब्रिज विद्यापीठाचे परीक्षा मंडळ आणि ऑस्ट्रेलियात उगम पावलेली आयडीपी ही संस्था यांचा तो संयुक्त उपक्रम आहे. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे अशी तिची चार अंगे असून प्रत्येकात ९ पर्यंत श्रेणी दिली जाते. उच्च शिक्षणासाठी जी परीक्षा असते, तिच्यात लेखनाला एक तास मिळतो व प्रश्न दोन असतात. पहिला आलेख, तक्ता, नकाशा यांसारख्या आकृतीच्या वर्णनाचा. दुसरा किमान २५० शब्दांच्या निबंधाचा. दुसऱ्या प्रश्नाचे वजन पहिल्याच्या दुप्पट. म्हणजे लेखनाच्या गुणांचेच वर्तुळ काढले, तर आकृतिवर्णनाच्या वाट्याला १२० अंशांचा कोन येतो. हा वाटा लहान नव्हे. अनेक विद्यापीठे एकूण साडेसहा किंवा सात श्रेणी मागतात आणि शिवाय प्रत्येक अंगात किमान अमुक श्रेणी हवी अशी अट घालतात. अर्ध्या श्रेणीने प्रवेश हुकू शकतो. परीक्षेचे शुल्क सतरा हजार रुपयांहून अधिक, निकाल दोन वर्षेच ग्राह्य आणि परीक्षेसाठी नागपूर-पुण्यासारखे शहर गाठावयाचे. खामगावहून नागपूर सुमारे तीनशे किलोमीटर. सोयाबीन विकून आलेल्या पैशातून हा खर्च करणाऱ्या घराला एक फसलेली खेप काय पडते, हे निराळे सांगावयास नको.

या प्रश्नात तपासले जाते ते काय? परीक्षकांची मोजपट्टी प्रसिद्ध झालेली आहे. केवळ तपशील एकामागून एक यांत्रिकपणे मोजून दाखविणारे आणि समग्र चित्र न देणारे उत्तर पाचव्या श्रेणीच्या आसपास अडकते. प्रमुख फरक हेरून, माहितीचे योग्य गट पाडून समग्र चित्र स्पष्ट मांडणारे उत्तर सातव्या श्रेणीचे मानले जाते. भाषेची शुद्धता व शब्दसंपत्ती यांना गुण आहेतच. परंतु त्यांच्या आधी पाहण्याला गुण आहेत.

पाहणे आणि सांगणे

उदाहरण घरचेच घेऊ. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती आणि तीपैकी सुमारे २१ टक्के लोक शहरी भागात राहत होते. याचे वर्तुळ काढले तर शहरांचा भाग जेमतेम ७६ अंशांचा होतो. शेजारी महाराष्ट्राचे वर्तुळ ठेवावे. तेथे शहरी वाटा ४५ टक्के. आता यावर काय लिहावयाचे? 'ग्रामीण ७९, शहरी २१. ग्रामीण ५५, शहरी ४५' असे लिहिणारा विद्यार्थी चुकत नाही, पण काही सांगतही नाही. 'राज्यात खेडी आणि शहरे जवळजवळ समबल असली, तरी बुलढाण्यात पाचांपैकी चौघे खेड्यांतच राहतात. जिल्ह्याचा शहरी वाटा राज्याच्या निम्म्याहूनही कमी आहे,' असे लिहिणारा मात्र आकड्यांना बोलते करतो. आकडे दोघांचे तेच आहेत, तरी दुसऱ्याने त्यांतला संबंध पाहिला आहे.

तिसऱ्या प्रकारचा विद्यार्थी आणखी एक पाऊल पुढे जातो आणि तेथेच घसरतो. तो लिहितो, 'जिल्ह्यात कारखाने नसल्यामुळे शहरे वाढली नाहीत. शासनाने याकडे लक्ष द्यावे.' विधान कदाचित खरेही असेल. पण ते वर्तुळात नाही. या प्रश्नाची शिस्त अशी की, जे दिसते तेवढेच सांगावे. कारणे, उपाय आणि मते निबंधासाठी राखून ठेवावीत. निबंधात मत मांडण्याची सवय झालेल्या मुलांना हे बंधन जाचते. परंतु पाहिलेले आणि त्यावरून वाटलेले या दोहोंत रेघ ओढता येणे ही विद्येची पहिली पायरी आहे. पंचनामा लिहिणाऱ्या तलाठ्याला, रुग्णाची नोंद करणाऱ्या परिचारिकेला आणि प्रयोगवही लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला हीच रेघ सांभाळावी लागते.

याच जिल्ह्यात एक वर्तुळ असेही आहे की, ज्याचे वाचन ऐकावयास माणसे दुरून येतात. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडतात, त्याभोवती अठरा धान्ये गोलाकार ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांची स्थिती पाहून पाऊसपाण्याचे व पिकांचे भाकीत सांगतात. तेथे वर्तुळ पाहून पुढचे सांगावयाचे असते. परीक्षेतल्या वर्तुळात पुढचे सांगण्यास मनाई आहे. ते ज्या वर्षाचे, त्याच वर्षाबद्दल बोलावयाचे. एकाच वर्षाच्या आकृतीत काहीही 'वाढत' नाही किंवा 'घटत' नाही; तरीही कितीतरी उत्तरपत्रिकांत ही क्रियापदे येतात, कारण ती शिकवणीवर्गाच्या साच्यात पाठ करून घेतलेली असतात.

भाकरीचे चतकोर

या आकृतीचा इतिहास फार जुना नाही. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश लेखकाने १८०१ साली आपल्या ग्रंथात तुर्की साम्राज्याचा आशिया, युरोप आणि आफ्रिका या खंडांतील विस्तार वर्तुळाचे भाग पाडून दाखविला. इंग्रजांनी या आकृतीला आपल्या ताटातील 'पाय' या पदार्थाचे नाव दिले. फ्रेंच लोक तिला 'कामाम्बेर' या गोल चीजच्या नावाने ओळखतात. आपल्याकडे ती निपजली असती, तर तिला भाकरीचेच नाव मिळाले असते. अर्धी भाकरी, चतकोर, नितकोर हे शब्द वर्तुळाच्या भागांचेच आहेत. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच अशी अपूर्णांकांची सुटसुटीत नावे मराठीत रुळलेली आहेत. शेत बटाईने देताना वाट्यांचीच भाषा बोलली जाते. पीक किती आले, असे विचारले की वऱ्हाडातला शेतकरी 'आठ आणे' म्हणतो. सरकारदरबारी आणेवारीची पैसेवारी झाली. ती पन्नासच्या वर की खाली, याकडे दरसाल गावाचे लक्ष लागलेले असते. ज्या घरात प्रमाणाची भाषा अशी उठताबसता बोलली जाते, त्या घरातील मुलाला वर्तुळाचे वर्णन येऊ नये, हे आश्चर्य होय.

शब्दांची गरज येथे विशेष आहे, कारण डोळा या आकृतीत फसतो. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दाखविले की, माणसाला समान मापपट्टीवरील स्थानाचा अंदाज जितका नीट येतो तितका कोनाचा येत नाही. २७ टक्के आणि ३१ टक्के यांचे दोन भाग नजरेला सारखेच भासतात. म्हणून 'पावाहून थोडे अधिक', 'तिसऱ्या हिश्शाच्या जवळ' असे शब्द नेमके वापरावे लागतात.

दोन वर्तुळे आली की अडचण वाढते. समजा, एका शेतकऱ्याने चार एकरांपैकी दोन एकरांत कपाशी लावली. पुढे त्याने आणखी जमीन घेतली आणि दहापैकी चार एकरांत लावली. कपाशीचा वाटा ५० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आला, पण कपाशीचे क्षेत्र दुप्पट झाले. वाटा घटला म्हणजे वस्तू घटली, असे लिहिणारा विद्यार्थी इंग्रजीत नव्हे, गणितात चुकतो. तसेच २० टक्क्यांचे ३० टक्के झाले, तर वाढ दहा टक्के-अंकांची झाली. मूळ आकड्याच्या तुलनेत ती ५० टक्क्यांची आहे. हा भेद मराठीत उमगला नसेल, तर इंग्रजी व्याकरणाचे कोणतेही पुस्तक तो शिकवू शकणार नाही.

दोन वह्यांतील अंतर

आता शाळेकडे वळू. महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला हे वर्तुळ नवे नसते. दहावीच्या गणित भाग १ मध्ये सांख्यिकीच्या प्रकरणात 'वृत्तालेख' आहे. एकूण संख्येशी घटकाचे गुणोत्तर काढून त्यास ३६० ने गुणावयाचे आणि केंद्रीय कोन काढावयाचा, ही रीत मुले घोटून पाठ करतात. त्याच वर्षी इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत 'इन्फर्मेशन ट्रान्सफर' नावाचा प्रश्न असतो. त्यात आकृती वा तक्ता देऊन त्यावर परिच्छेद लिहावयास सांगतात. म्हणजे तेच वर्तुळ गणिताच्या वहीत कोनमापकाने काढले जाते आणि इंग्रजीच्या वहीत वाक्यांनी भरले जाते. पण या दोन वह्या एकमेकींना ओळखत नाहीत. गणिताचे शिक्षक कोन बरोबर आला की थांबतात. इंग्रजीचे शिक्षक मार्गदर्शिकेतील परिच्छेद उतरवून देतात. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविली जाते. दहावीपर्यंत दहा वर्षे होतात. या दहा वर्षांत पाहिलेली गोष्ट स्वतःच्या वाक्यात सांगण्याची संधी मुलाला किती वेळा मिळते? जे शाळेत दोनदा समोर येऊन निसटले, तेच मग पैसे मोजून तिसऱ्यांदा शिकावे लागते.

शिकवणीवर्गांना येथेच वाव मिळतो. ते तयार वाक्ये देतात. विद्यार्थी त्यांत आकडे बसवितो. परंतु पाठ केलेली भाषा परीक्षकाच्या ध्यानात येते आणि तिला गुण मिळत नाहीत. प्रश्नातील वाक्येच उत्तरात उतरविली, तर ती शब्दसंख्येत धरली जात नाहीत.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. परक्या देशांच्या संस्थांनी घेतलेल्या, इतके शुल्क आकारणाऱ्या परीक्षेसाठी शाळांनी आपले शिकविणे का बदलावे? आक्षेप वाजवी आहे. प्रवेशाच्या दारावर एकाच भाषेचा आणि पैशाचा पहारा असावा, यात न्याय नाही. शिवाय जिल्ह्यातील फार थोडी मुले ही परीक्षा देतील. परंतु येथे मागणी आहे ती परीक्षेच्या तयारीची नव्हे, तर तिच्या निमित्ताने उघड झालेली उणीव भरून काढण्याची. वर्णनाची ही शक्ती परदेशी जाणाऱ्या दहा जणांपेक्षा गावात राहणाऱ्या हजारांना अधिक उपयोगाची आहे.

उपायही खर्चाचा नाही. आठवड्यातून एक तासिका गणिताच्या आणि भाषेच्या शिक्षकांनी मिळून घ्यावी. वर्गाची हजेरी, ग्रामपंचायतीचा जमाखर्च, बाजार समितीतील आवक, गावाच्या पेऱ्याची नोंद यांपैकी काहीही घ्यावे. मुलांनी वर्तुळ काढावे आणि मग ते प्रथम मराठीत सांगावे : आधी एका वाक्यात सगळे चित्र, मग सर्वांत मोठा व सर्वांत लहान वाटा, मग तुलना, कारण एकही नाही. ते जमले की तेच इंग्रजीत लिहावे. 'पर्सेंट' आकड्यानंतर आणि 'पर्सेंटेज' आकड्याविना येतो, असले नियम मग चार दिवसांत बसतात. कारण सांगावयाचे काय, हे आधीच ठरलेले असते.

दरवर्षी केंद्रीय अर्थसंकल्प मांडला गेला की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत एक नाणे छापून येते : रुपया असा येतो, रुपया असा जातो. त्या नाण्याचे किती पैसे कर्जातून येतात आणि किती व्याजात जातात, हे तेथे स्पष्ट लिहिलेले असते. किती वाचक त्या वर्तुळापाशी थांबतात आणि त्याचा अर्थ शेजाऱ्याला चार वाक्यांत सांगू शकतात? परीक्षेतील वर्तुळ चुकले तर एका विद्यार्थ्याची अर्धी श्रेणी जाते. रुपयाचे वर्तुळ वाचता आले नाही, तर आपल्या वाट्याला चतकोर आला की नितकोर, हे दुसऱ्यानेच सांगावे लागते.