निवडून दिलेल्याला माघारी बोलावता येतं का? कोलोरॅडो ते सांगोला

मागच्या वेळी आम्ही ग्रामसभेच्या अधिकारांवर बोललो होतो. व्याख्यान संपल्यावर आपल्याच जिल्ह्यातल्या एका खेड्यातले शेतकरी उठले आणि म्हणाले, "सर, निवडून द्यायचं बटण आहे. चूक झाली असं कळल्यावर दाबायचं बटण कुठंय?" तक्रार त्यांच्या सरपंचाबद्दल होती. पण मागून कुणीतरी लगेच विचारलं, "आणि आमदाराचं काय?" त्या दिवशी वेळ संपली होती, म्हणून आजचा सगळा वेळ याच प्रश्नाला देऊ.

सुरुवात जरा लांबून, अमेरिकेतून करू. तिथल्या एका राज्यात हे बटण खरोखर दाबलं गेलं आणि पुढे काय काय झालं हे पुरतं बघता येतं.

कोलोरॅडो राज्य. 20 जुलै 2012 रोजी तिथल्या अरोरा शहरात सिनेमा चालू असताना एकाने गोळीबार केला, बारा माणसं गेली. त्याच वर्षी डिसेंबरात कनेटिकट राज्यात सँडी हूकच्या शाळेत वीस लहान मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली. कोलोरॅडोच्या विधिमंडळाने मार्च 2013 मध्ये कायदे केले. बंदुकीत गोळ्या भरायच्या पेटीत, म्हणजे मॅगझीनमध्ये, पंधरापेक्षा जास्त गोळ्या नकोत. आणि खाजगी व्यवहारात बंदूक विकायची असली तरी घेणाऱ्याची पार्श्वभूमी आधी तपासा. आपल्याला ऐकायला साधं वाटतं. तिथे आगडोंब उसळला.

का उसळला हे समजायला एक फरक लक्षात घ्या. आपल्याकडे बंदूक हा परवान्याचा विषय आहे. सोलापूर शहरात पोलीस आयुक्तांकडे अर्ज करा, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुकासुद्धा पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, गावातल्या जुन्या मंडळींना हे माहीत आहे. अमेरिकेत मात्र शस्त्र बाळगणं हा राज्यघटनेतला हक्क आहे. गंमत अशी, की आपल्याकडेही हा हक्क घटनेच्या उंबरठ्यापर्यंत आला होता. काँग्रेसच्या 1931 च्या कराची ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. तो धागा धरून डिसेंबर 1948 मध्ये हरि विष्णू कामथांनी घटना समितीत दुरुस्ती मांडली. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती बारगळली. आज कलम 19 आपल्याला एकत्र जमण्याचं स्वातंत्र्य देतं, पण शांततेने आणि शस्त्राविना. म्हणून बंदुकीच्या कायद्यावरून आमदार पाडावा हे आपल्याला चमत्कारिक वाटतं. तिथल्या अनेकांना तो घरात हात घातल्यासारखा प्रकार वाटला.

तर कोलोरॅडोच्या घटनेत 1912 पासून माघारी बोलावण्याची तरतूद आहे. त्या जागेसाठी मागच्या निवडणुकीत जितकी मतं पडली, त्याच्या पंचवीस टक्के सह्या साठ दिवसांत गोळा करा, की निवडणूक घ्यावीच लागते. कुणाची परवानगी नको, कारण सिद्ध करायला नको. 2013 पर्यंत तिथे एकाही आमदाराला असं घालवलेलं नव्हतं. त्या वर्षी दोघे गेले. एक जॉन मोर्स, सिनेटचे अध्यक्ष आणि स्वतः माजी पोलीस प्रमुख. दुसऱ्या अँजेला हिरोन, पुएब्लोच्या. पुएब्लो म्हणजे पोलाद कारखान्याचं, कामगारांचं गाव, आपल्या जुन्या गिरणगावासारखं. त्यांच्याच पक्षाचे मतदार तिथे जास्त होते. तिथली सह्यांची मोहीम पुढे नेणाऱ्यांत एक प्लंबर होता, कुणी मोठा पुढारी नव्हे. पैसे मात्र दोन्हीकडून बाहेरून आले. बंदूकवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेने एका बाजूने ओतले, तर न्यूयॉर्कचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी दुसऱ्या बाजूला साडेतीन लाख डॉलर दिले.

10 सप्टेंबर 2013 ला मतदान झालं. कोलोरॅडोत बरेच लोक टपालाने मत देतात, पण या वेळी न्यायालयाच्या एका निकालामुळे उमेदवारीची मुदत इतकी पुढे गेली की टपाली मतपत्रिका वेळेत पाठवणं जमलं नाही. प्रत्यक्ष केंद्रावर जावं लागलं. मोर्स यांच्या मतदारसंघात साधारण पाचातल्या एकानेच मत दिलं, आणि तीनशेच्या वर थोड्या मतांनी सिनेटचा अध्यक्ष घरी गेला. हिरोन बऱ्याच मोठ्या फरकाने हरल्या.

आता पुढचं ऐका, हे सहसा कुणी सांगत नाही. तिसऱ्या सिनेटर एव्ही हुडाक यांच्याविरुद्धही सह्या सुरू झाल्या. सभागृहात त्यांच्या पक्षाचं बहुमत एका जागेवर आलं होतं. हुडाक यांनी नोव्हेंबरात सरळ राजीनामा दिला. राजीनामा दिला तर रिकामी जागा तेव्हा पक्षच भरत असे, निवडणूक होत नसे. म्हणजे लोकांनी हत्यार उगारलं आणि पक्षाने कायद्यातली फट दाखवली. पण वर्षभराने, नोव्हेंबर 2014 च्या नेहमीच्या निवडणुकीत तीच हुडाक यांची जागा गेली आणि सिनेटचं बहुमतही गेलं. उलट मोर्स आणि हिरोन यांच्या जागा त्यांच्या पक्षाने परत जिंकल्या. आणि ज्याच्यासाठी एवढं रामायण झालं तो पंधरा गोळ्यांचा कायदा? तो रद्द झालाच नाही. माणसं बदलली, कायदा जागच्या जागी राहिला.

आता आपल्याकडे या. आमदार किंवा खासदार यांना माघारी बोलावण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. 1974 मध्ये जयप्रकाश नारायण यांनी ही मागणी गाजवली, त्याच वर्षी लोकसभेत खाजगी विधेयकही आलं. 2011 च्या आंदोलनानंतर अण्णा हजारे ती पुन्हा मांडत राहिले. पुढे सरकलं काही नाही. आमदाराला मुदतीआधी घालवता येतं ते पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टाने, पण तो निर्णय अध्यक्षांच्या हातात, आणि गुन्हा मोजायचा तो पक्षाशी. मतदाराचा त्यात कुठे उल्लेखच नाही.

जून 2022 आठवा. सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीहून फोनवर बोलले आणि ती झाडी, ते डोंगार, ते हाटील साऱ्या महाराष्ट्राला पाठ झालं. हसायला सगळे हसले. पण सांगोल्याच्या मतदाराने त्या वेळी काय करायचं होतं? ज्याला ते पटलं त्याने आणि ज्याला पटलं नाही त्यानेही नोव्हेंबर 2024 पर्यंत थांबायचं, एवढंच. तेव्हा निवडणूक झाली, शहाजीबापू पडले, शेतकरी कामगार पक्षाचे बाबासाहेब देशमुख आले. तिरंगी लढत होती, कारणं अनेक होती. त्याचं सगळं श्रेय गुवाहाटीला द्यायची घाई आम्ही करणार नाही.

तुम्ही म्हणाल, मग अमेरिकेसारखी सोय हवीच. थांबा. कोलोरॅडोचा नियम सांगोल्याला लावून बघू. 2019 ला शहाजीबापू 768 मतांनी निवडून आले होते. मतदान दोन लाखांच्या वर. त्याचे पंचवीस टक्के म्हणजे पन्नास हजारांहून थोड्या जास्त सह्या. आणि हरलेल्या उमेदवाराला किती मतं होती? जवळजवळ 99 हजार. म्हणजे गुलाल धुऊन निघायच्या आत हरलेल्या बाजूकडे पुरेसे लोक तयार! गुवाहाटीची गरजच नाही. अटीतटीच्या प्रत्येक मतदारसंघात हेच होईल. आमदाराने कटू निर्णय घ्यायचा की नाही, पाण्याचा असो, अतिक्रमणाचा असो, हे तो सह्यांच्या कागदाकडे बघून ठरवेल. माघारी बोलावण्याला आमचा सरसकट विरोध नाही. पण पंचवीस टक्क्यांचा उंबरा आपल्या राजकारणाला फार खुजा आहे, हे मात्र आम्ही ठामपणे म्हणतो.

शेजाऱ्यांनी वेगळा मार्ग काढलाय. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये नगराध्यक्षांबाबत ही सोय आहे. तीन चतुर्थांश नगरसेवकांनी मागणी करायची, मग लोकांनी मत द्यायचं. मतदानाची चिन्हं बघा, भरी कुर्सी आणि खाली कुर्सी. 2008 मध्ये छत्तीसगडात तीन नगराध्यक्ष अशा मतदानाने एकदम गेले.

आणि महाराष्ट्रात काहीच नाही असं समजू नका. उभी बाटली, आडवी बाटली सगळ्यांना ठाऊक आहे. पंचवीस टक्के महिला मतदारांच्या सह्या दिल्या, की गावातलं किंवा प्रभागातलं परवाना असलेलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी मतदान घेता येतं. यातली खुबी मोजणीत आहे. झालेल्या मतांच्या निम्मी पुरत नाहीत, एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. घरी बसलेली बाई उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते म्हणा ना. बायाबापड्यांवर हे अन्यायाचं वाटतं, कितीतरी ठिकाणी आडव्या बाटलीला मतं जास्त पडूनही दुकान वाचू शकतं. पण हाच नियम कोलोरॅडोत असता तर मोर्स यांची खुर्ची हललीही नसती. शिवाय इथे भांडण मुद्द्याशी आहे. दुकान हवं की नको, एवढंच विचारलं जातं. सरपंचाचा बळी देऊन दारूबंदी मागावी लागत नाही.

आता आमच्या शेतकरी मित्राचा मूळ प्रश्न. ग्रामपंचायत अधिनियम 1958, कलम 35, अविश्वास ठराव. थेट जनतेतून सरपंच 2017 पासून आले, 2020 मध्ये ती पद्धत गेली, 2022 मध्ये परत आली. थेट सरपंचाला काढण्याची वाट अशी: आधी सदस्यांनी तहसीलदारांकडे नोटीस द्यायची. त्यांनी सात दिवसांत विशेष सभा बोलवायची. तिथे तीन चतुर्थांश सदस्यांनी ठराव मंजूर करायचा. म्हणजे पाव हिश्शाहून थोडे जास्त सदस्य सरपंचाने धरून ठेवले की खेळ खलास. तो डोंगर चढलाच, तर विशेष ग्रामसभा, अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली, गुप्त मतदान. त्यात गावाने शिक्कामोर्तब केलं तरच सरपंच जातो. आणि हे सगळं पहिली दोन वर्षं करता येत नाही, शेवटचे सहा महिनेही नाही. पाच वर्षांत उरली अडीच. ठराव एकदा पडला की पुढची दोन वर्षं पुन्हा नाही.

इथे नीट लक्ष द्या. गावाला शेवटचा शब्द दिलाय, पहिला शब्द दिलेला नाही. कोलोरॅडोतला प्लंबर उठून सुरुवात करू शकतो, आपल्या खेड्यातला मतदार करू शकत नाही. सदस्यांनी सुरुवात केली तर त्याला विचारलं जाईल, नाहीतर नाही. सदस्य आणि सरपंच एका ताटात जेवत असतील तर गाव कितीही चिडलं तरी ग्रामसभेपुढे तो प्रश्न येणारच नाही. आम्हाला विचाराल तर बदल इथे हवा. मतदारांच्या सह्यांवर ग्रामसभेचं मतदान सुरू व्हावं, आणि उंबरा मात्र बाटलीसारखा, एकूण मतदारांच्या निम्म्याचा ठेवावा.

सरपंचाने गैरवर्तन केलं असेल, पैशाचा घोळ असेल, तर अविश्वासाची वाट धरायचीच नाही. त्याला कलम 39 आहे. जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी चौकशी करतात, विभागीय आयुक्त सरपंचाला पदावरून काढू शकतात. त्याला सदस्यांचं बहुमत लागत नाही, लागतात ते कागद: ठरावाच्या नकला, मोजमाप पुस्तिका, बिलं. माहिती अधिकारात मागता येतात.

मघाशी आम्ही त्या शेतकरी मित्रांना विचारलं, सरपंच कधी निवडून आले? ते म्हणाले, सव्वा वर्ष झालं. म्हणजे कलम 35 साठी अजून नऊ महिने आहेत. तोवर त्यांनी गेल्या वर्षाच्या बिलांचा अर्ज टाकावा. आता प्रश्न घेऊ, मागच्या रांगेतून सुरुवात करा.