मुक्त उड्डाणाची विमाने आणि नोंदणीचा नियम

प्रस्तावना : एरोमॉडेलिंगच्या छंदात मुक्त उड्डाण हा सर्वांत जुना प्रकार होय. यात विमान हातातून सुटल्यावर उडवणाऱ्याचा त्यावर ताबा राहत नाही. पंखांचा कोन, वजनाचा तोल व शेपटीची मांडणी आधीच साधलेली असते. अशा विमानाची नोंदणी आवश्यक ठरते काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात अमेरिकेतील नियमांच्या आधारे केला आहे.

नोंदणीचा नियम : अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाने डिसेंबर २०१५ मध्ये २५० ग्रॅमपेक्षा अधिक वजनाच्या छंदविमानांसाठी नोंदणी सक्तीची केली. मात्र छंदविमानांविषयी नवे नियम करण्यास २०१२ च्या कायद्याने प्रशासनाला मनाई केली होती. त्या आधारे ‘टेलर विरुद्ध ह्युएर्ता’ खटल्यात अपील न्यायालयाने मे २०१७ मध्ये छंदविमानांपुरती ही सक्ती रद्द केली. डिसेंबर २०१७ मध्ये काँग्रेसने कायदा करून ती पुन्हा लागू केली. २०१८ च्या कायद्याने जुनी मनाईही संपुष्टात आणली.

व्याख्येचा प्रश्न : ज्या विमानात वा विमानावर राहून मनुष्याला प्रत्यक्ष हस्तक्षेप करता येत नाही ते मानवरहित, अशी कायद्यातील व्याख्या आहे. ती शब्दशः घेतल्यास कागदी विमानही तिच्या कक्षेत येते. म्हणून प्रशासनाने २०१५ मध्येच खुलासा केला की, कागदी विमान किंवा खेळण्यातील फुगा वजनमर्यादा ओलांडत असला तरी त्याची नोंदणी करावी लागत नाही. नोंदणीसाठी ती वस्तू ‘मानवरहित विमान प्रणाली’चा भाग असावी लागते आणि प्रणालीत नियंत्रणाचा संपर्कदुवा अभिप्रेत असतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील ‘एफ-१-ए’ ग्लायडरचे किमान वजन ४१० ग्रॅम असते. केवळ वजन पाहिल्यास ते नोंदणीच्या कक्षेत येईल. दुवा पाहिल्यास येणार नाही.

सुरक्षासाधनाचा पेच : वर चढणाऱ्या उष्ण हवेत सापडलेले विमान दूर वाहून जाऊ नये, म्हणून ठरावीक वेळी शेपटी तिरपी करून त्याला खाली उतरवण्याची योजना असते. पूर्वी यासाठी जळती वात वापरीत. पुढे टायमर आले. आता स्पर्धानियमांनुसार रेडिओ संकेतही चालतो. या संकेताने विमान वळवता येत नाही, केवळ उड्डाण संपवता येते. तरीही जमिनीवरून विमानापर्यंत एक दुवा निर्माण होतोच. दुवा हीच कसोटी काटेकोरपणे लावल्यास अधिक सुरक्षित विमान नोंदणीच्या कक्षेत जाईल आणि उतरवण्याची सोय नसलेले विमान बाहेर राहील.

निष्कर्ष : दुवा आहे किंवा नाही, एवढे पाहणे पुरेसे नाही. त्या दुव्याने विमानाचा मार्ग बदलता येतो काय, हे नियमात स्पष्ट असावे. अन्यथा नोंदणी टाळण्यासाठी सुरक्षासाधनच काढून टाकण्याकडे छंदिष्टांचा कल होईल आणि नियमाचा मूळ हेतूच विफल होईल.